ठोसा कोण मोजतो? घरच्या बॉक्सिंग-व्यायामखेळांची समीक्षा



टीव्हीसमोर उभे राहून, दोन्ही हातांत नियंत्रक धरून हवेत ठोसे मारायचे आणि घरच्या घरी तंदुरुस्त व्हायचे, असे सांगणारे व्हिडिओ खेळ तुमच्यापैकी काहींनी खेळले असतील, अनेकांनी पाहिले असतील. या टिपणात आपण त्यांची समीक्षा करणार आहोत. समीक्षा म्हटली की कथा, कविता किंवा चित्रपट डोळ्यांसमोर येतो. पण खेळही कोणीतरी रचलेली कृती असते. ती काहीतरी वचन देते, त्यासाठी काही साधने वापरते आणि खेळणाऱ्याकडून काही करवून घेते. म्हणून तिलाही तीन प्रश्न विचारता येतात. हा खेळ कशाचे वचन देतो? तो नेमके काय मोजतो? आणि खेळणाऱ्याच्या अंगाला काय मिळते?

या तीन उत्तरांमध्ये जेवढे अंतर, तेवढी खेळाची उणीव, हे सूत्र धरून आपण पुढे जाऊ. यासाठी बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

१. हा विषय का निवडला

मी बंगळुरूच्या व्हाइटफील्ड भागात राहतो आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. दिवसातले चार तास फळ्यासमोर उभा असतो, त्यामुळे आपली पुरेशी हालचाल होते असा माझा समज होता. मागच्या वर्षी रक्ततपासणीत साखर काठावर आली आणि तो समज गेला. डॉक्टरांनी रोज अर्धा तास घाम येईल इतके चाला असे सांगितले. आमच्याकडे सकाळी साडेसहालाच मुख्य रस्त्यावर पाण्याचे टँकर आणि कंपन्यांच्या बस सुरू होतात. २०२३ मध्ये मेट्रो आली आणि लांबचा प्रवास सोपा झाला, पण घरापासून स्थानकापर्यंतचा पदपथ अजून तुकड्यातुकड्यांचाच आहे. आठवडाभर चाललो आणि सोडून दिले.

मग मेहुण्याने परदेशातून येताना एक खेळयंत्र आणले आणि मी बॉक्सिंगचा व्यायामखेळ सुरू केला. रोज रात्री जेवणाआधी पंचवीस मिनिटे खेळायचो. पहिल्या आठवड्यात खांदे दुखले, दुसऱ्या आठवड्यात गुण वाढले, दुसऱ्या महिन्यात जवळजवळ प्रत्येक ठोशाला 'अचूक' असा शेरा मिळू लागला. पडद्यावरचा प्रशिक्षक रोज शाबासकी द्यायचा. घरात मी ऐटीत वावरत होतो.

एका संध्याकाळी आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. पाचव्या मजल्यावर मला थांबावे लागले. धाप इतकी लागली होती की कठडा धरून उभा राहिलो. माझी नववीतली मुलगी वर जाऊन, बाबा अजून कसे आले नाहीत म्हणून परत खाली बघायला आली. त्या रात्री मी खेळत असताना ती मागे सोफ्यावर बसून बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, तुमचे पाय एकदाही हलले नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी एक प्रयोग केला. तोच व्यायाम सोफ्यावर बसून, कोपर पोटाशी धरून, फक्त मनगटाचे झटके देऊन केला. गुण जवळजवळ तेवढेच आले.

तो खेळ कोणता हे मी सांगत नाही, कारण मुद्दा एका खेळाचा नाही. मुद्दा मोजण्याच्या पद्धतीचा आहे आणि तो या प्रकारच्या बहुतेक खेळांना लागू पडतो. शिवाय हा प्रश्न माझ्यापुरता नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मधुमेहविषयक देशव्यापी पाहणीचा पहिला टप्पा तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथे झाला. तिचे शारीरिक हालचालींविषयीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. पाहणीतले ५४.४ टक्के लोक निष्क्रिय गटात होते. शहरांत हे प्रमाण ६५ टक्के होते. वसतिगृहाच्या खोलीत दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारे तुम्हीही याच वाटेवर आहात.

२. थोडा इतिहास

या प्रकाराला घरोघरी नेले ते निन्टेंडोच्या वी या यंत्राने. ते २००६ च्या शेवटी बाजारात आले. जपानबाहेरच्या बहुतेक देशांत त्याच्यासोबतच 'वी स्पोर्ट्स' हा खेळ मिळत असे. त्यात टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग असे पाच प्रकार होते. बॉक्सिंगसाठी एका हातात मुख्य नियंत्रक आणि दुसऱ्या हातात त्याला तारेने जोडलेला छोटा नियंत्रक धरावा लागे. पाचही प्रकारांत दोन्ही हात सतत चालवायला लावणारा हा एकच होता, म्हणून व्यायामाच्या दृष्टीने लोकांचे लक्ष त्याच्याकडे गेले.

२००८ मध्ये जपानच्या इमॅजिनियर या कंपनीने वीसाठी 'शेप बॉक्सिंग' काढला. समोर प्रतिस्पर्धी नाही, संगीताच्या ठेक्यावर ठोसे मारायचे आणि दिवसागणिक नोंद ठेवायची, अशी त्याची रचना होती. पुढे याच कंपनीने निन्टेंडो स्विच यंत्रासाठी 'फिटनेस बॉक्सिंग' ही मालिका काढली. पहिला भाग जपानमध्ये डिसेंबर २०१८ मध्ये आणि इतरत्र जानेवारी २०१९ मध्ये आला, दुसरा डिसेंबर २०२० मध्ये आणि तिसरा डिसेंबर २०२४ मध्ये. आज 'घरी बॉक्सिंग खेळून तंदुरुस्ती' म्हटले की बहुतेकांना हीच मालिका आठवते.

दरम्यान दोन वेगळे मार्गही आजमावले गेले. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये कायनेक्ट आणले. त्यात हातात काहीच धरायचे नसे. खोलीची खोली मोजणारा कॅमेरा खेळणाऱ्याच्या सांगाड्याचे सांधे ओळखत असे. दुसरा मार्ग डोळ्यांवर चढवायच्या आभासी वास्तवाच्या चष्म्यांचा. त्यावर 'द थ्रिल ऑफ द फाइट' सारखे बॉक्सिंगचे खेळ आणि 'बीट सेबर' सारखे ठेक्यावर हात चालवायचे खेळ आले.

तीन मार्ग म्हणजे मोजण्याच्या तीन पद्धती: मुठीतला संवेदक, समोरचा कॅमेरा आणि डोक्यावरचा चष्मा. आपण मुख्यतः पहिल्या मार्गाविषयी बोलणार आहोत, कारण 'फिटनेस बॉक्सिंग' त्याच मार्गाचा आहे.

३. नियंत्रकाला काय कळते

नियंत्रकाच्या आत त्वरणमापक असतो. अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेले वस्तुमान आणि ते किती सरकले हे सांगणारे विद्युतमंडल, अशी त्याची ढोबळ रचना. टेबलावर स्थिर ठेवला तरी तो १ जी एवढे त्वरण दाखवतो आणि मोकळा पडत असताना शून्य दाखवतो, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. वीच्या मुख्य नियंत्रकातला त्वरणमापक सुमारे उणे ३ ते अधिक ३ जी एवढ्या कक्षेचा होता. स्विचच्या नियंत्रकांत त्वरणमापकाबरोबर जायरोस्कोपही असतो. तो कोनीय वेग सांगतो, म्हणजे मनगट किती झपाट्याने फिरले ते कळते.

आता एक साधे गणित करू. समजा, तुमची मूठ ०.४ मीटर अंतरात शून्यापासून ६ मीटर प्रतिसेकंद वेगाला पोचली. त्वरण एकसमान धरले तर

त्वरण = वेगाचा वर्ग ÷ (२ × अंतर) = ३६ ÷ ०.८ = ४५ मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे सुमारे ४.६ जी.

३ जी ची कक्षा असलेल्या मापकासाठी हा ठोसा कक्षेबाहेरचा आहे. साडेचार जी आणि सात जी त्याला सारखेच दिसणार. पाच किलोपर्यंतच्या तराजूवर आठ किलोची गोणी ठेवावी तसे. तुम्ही जीव तोडून मारलेला आणि बरा मारलेला, दोन्ही ठोसे त्याच्या लेखी एकच.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. त्वरणावरून मूठ नेमकी कुठे आहे हे काढायचे तर दोनदा संकलन करावे लागते. त्वरणमापकात ०.०५ मीटर प्रतिसेकंद वर्ग एवढीच स्थिर चूक असली, तरी दहा सेकंदांत स्थानातली चूक ½ × ०.०५ × १०० = २.५ मीटर होते. हॉल केवढा, चूक केवढी! म्हणून असे खेळ मुठीचे स्थान शोधत बसत नाहीत. त्वरणाचा आणि वळणाचा आकृतिबंध पाहतात: समोर झटका म्हणजे जॅब, आडवा फेरा म्हणजे हुक, खालून वर म्हणजे अपरकट. आणि तो झटका ठेक्यावर आला का, हे पाहतात.

'फिटनेस बॉक्सिंग'ची रचना इथे नीट समजते. पडद्यावर ठोशांची चिन्हे सरकत येतात, ठरलेल्या रेषेवर पोचली की ठोसा मारायचा, वेळ साधली की शेरा मिळतो. 'कसा मारला' यापेक्षा 'केव्हा मारला' याला अधिक महत्त्व आहे. केव्हा हे संवेदक नेमके सांगू शकतो, कसा हे त्याला अर्धेमुर्धेच कळते. रचनाकारांनी साधनाची ताकद ओळखून खेळ बेतला आहे आणि समीक्षक म्हणून मी त्याचे श्रेय त्यांना देतो. पण जे साधनाला कळत नाही त्याला गुण नाहीत, हा याच रचनेचा दुसरा परिणाम आहे. पाय, गुडघे, कंबर आणि पाठ यांच्यापाशी एकही संवेदक नाही. प्रशिक्षक पडद्यावरून "कंबर वळवा, गुडघे सैल ठेवा" असे सांगू शकतो. तुम्ही ते केले का, हे त्याला दिसत नाही.

४. अंगाचा हिशेब

बॉक्सिंगचा ठोसा जमिनीपासून सुरू होतो. मागचा पाय जमीन ढकलतो, ते बल कंबरेतून वळते, खांद्यातून पुढे जाते आणि शेवटी मुठीत उतरते. नुसत्या हाताचा ठोसा मारला तर किती ऊर्जा लागते, ते पाहू.

वजन ६० किलो धरा. एका संपूर्ण हाताचे वस्तुमान शरीराच्या साधारण ५ टक्के, म्हणजे ३ किलो. मूठ ६ मीटर प्रतिसेकंद वेगाने गेली, तर हाताच्या वस्तुमानकेंद्राचा वेग त्याच्या निम्मा, ३ मीटर प्रतिसेकंद धरू. गतिज ऊर्जा ½ × ३ × ९ = १३.५ ज्यूल. हात परत आणायलाही तेवढीच धरली तर एका ठोशाला २७ ज्यूल. एक हजार ठोशांना २७,००० ज्यूल. स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर शरीराने खर्चलेली ऊर्जा १,०८,००० ज्यूल, म्हणजे सुमारे २६ किलोकॅलरी. हात थांबवायला लागणारी ऊर्जा वेगळी, पण ती तुलनेने कमी असते. एकूण तीसच्या आसपास धरा.

हजार ठोसे आणि तीस किलोकॅलरी! एका वडापावात साधारण अडीचशे ते तीनशे असतात.

आता एक बैठक घ्या. शरीराचा ५० किलो भाग ०.४ मीटर वर उचलला असे धरू. कार्य = ५० × ९.८ × ०.४ = १९६ ज्यूल. म्हणजे एका बैठकेतले कार्य नुसत्या हाताच्या सुमारे सात ठोशांएवढे आहे. मांड्या आणि नितंब यांचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे. ते कामाला लागले की हृदयाला आणि फुप्फुसांना काम लागते. ते निवांत असले की खांदा भरून येतो, पण दम वाढत नाही. मला पाचव्या मजल्यावर धाप का लागली, याचे उत्तर या दोन परिच्छेदांत आहे. मी दोन महिने खांद्याचा व्यायाम केला होता आणि जिना चढतात पायांनी.

हे गणित ढोबळ आहे, हेही ध्यानात ठेवा. हात वर धरून ठेवताना यांत्रिक कार्य शून्य असते, तरी स्नायू ऊर्जा खर्च करतात. ठेक्यावर डुलताना, तोल सावरताना थोडी आणखी जाते. म्हणून प्रत्यक्ष मोजमापे पाहायला हवीत.

५. मोजून काय आढळले

व्यायामाची तीव्रता मेट या एककात सांगतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचा ऊर्जाखर्च म्हणजे १ मेट, ढोबळपणे दर किलो वजनामागे ताशी १ किलोकॅलरी. ३ ते ६ मेट म्हणजे मध्यम, ६ च्या वर जोरकस.

ब्रिटनमधल्या लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये १३ ते १५ वयाच्या ११ मुलामुलींवर चाचणी घेतली. बसून खेळायच्या खेळात दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे १२५ ज्यूल खर्च झाले, वी बॉक्सिंगमध्ये सुमारे १९८. वाढ निम्म्याहून अधिक आहे. तरी प्रत्यक्ष खेळाच्या तुलनेत ती कमी आहे आणि मुलांसाठी सांगितलेल्या रोजच्या व्यायामात धरण्याइतकी तीव्र नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

जपानमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये १२ प्रौढांना बंदिस्त कक्षात खेळायला लावून त्यांचा ऊर्जाखर्च मोजला. 'वी स्पोर्ट्स'मध्ये गोल्फ २.०, बोलिंग २.६, टेनिस आणि बेसबॉल प्रत्येकी ३.० आणि बॉक्सिंग ४.२ मेट. 'वी फिट प्लस' धरून तपासलेल्या ६८ प्रकारांपैकी ६ मेटच्या वर एकही गेला नाही.

याच्या शेजारी खरे बॉक्सिंग ठेवा. शारीरिक हालचालींच्या २०११ च्या प्रमाणित सूचीत पिशवीवर ठोसे मारणे ५.५ मेट, जोडीदाराबरोबरचा सराव ७.८ आणि रिंगणातली लढत १२.८ मेट आहे.

४.२ चा अर्थ काय होतो? ६० किलोच्या माणसाने अर्धा तास खेळल्यास ४.२ × ६० × ०.५ = १२६ किलोकॅलरी. त्यातल्या ३० तो नुसता बसला असता तरी खर्चल्या असत्या. खेळाची खरी कमाई ९६, म्हणजे वडापावाचा तिसरा हिस्सा. वजन उतरवण्यासाठी एवढ्यावर विसंबणे म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणे. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम सांगितला आहे. त्या बारा जणांसारखे अंग घालून रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस खेळलात, तर तेवढी अट पूर्ण होते. स्नायूंच्या बळकटीसाठी आठवड्यातून दोन दिवस सांगितलेला व्यायाम मात्र यात येत नाही, कारण हाताला वजनच नाही.

तेव्हा 'हे खेळ थोतांड आहेत' हे मत चूक आणि 'हे खेळ म्हणजे बॉक्सिंगची तालीम' हेही चूक. एकच खेळ कोणाला ४ मेट देतो आणि कोणाला २. फरक खेळणाऱ्याच्या पायांत असतो, आणि तो फरक पडद्यावरच्या गुणांत दिसत नाही.

६. खेळाच्या बाजूने

समीक्षकाने दुसरी बाजूही मांडायला हवी. मी चालणे आठ दिवसांत सोडले, हा खेळ मात्र दोन महिने सोडला नाही. ठेका, रोजची नोंद, थोडे थोडे अवघड होत जाणारे व्यायाम यांत माणसाला पुन्हा उभे करण्याची ताकद आहे. व्यायामशाळेत चारचौघांत जायला संकोचणाऱ्यांना, रात्री उशिरा घरी पोचणाऱ्यांना, बाहेर एकटीने धावणे सुरक्षित वाटत नाही अशा मुलींना दार लावून घेऊन सुरुवात करता येते. 'फिटनेस बॉक्सिंग'च्या तिसऱ्या भागात बसून करायचे व्यायामही आहेत. ज्यांना उभे राहणे जमत नाही त्यांच्यासाठी ते मोलाचे आहेत. बसून खेळणे ही लबाडी नव्हे. उभ्याचा व्यायाम बसून करून उभ्याचे गुण घेणे ही लबाडी, आणि ती मी प्रयोग म्हणून केली.

मोजण्याच्या इतर पद्धती या बाबतीत बऱ्या आहेत का? कायनेक्टला पाय दिसत होते, पण त्याच्यासमोर जवळजवळ दोन मीटर मोकळी जागा लागायची. ज्या घरात सोफा, जेवणाचे टेबल आणि कपड्यांचा स्टँड एकाच खोलीत असतो, तिथे ती कुठून आणायची? २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. चष्म्याच्या खेळात गंमत वेगळी आहे. चष्म्याला डोक्याची उंची कळते. त्यामुळे येणारा अडथळा चुकवायचा तर डोके खरोखर खाली न्यावे लागते आणि बहुतेक जण त्यासाठी गुडघे वाकवतात. पायांवर संवेदक नसूनही पाय कामाला लागतात. संवेदक किती आहेत यापेक्षा तो कुठे बसवला आहे यावर व्यायामाचा दर्जा ठरतो, हा अभियंत्यांसाठी शिकण्यासारखा धडा आहे.

७. आकडा आणि वस्ताद

आपल्याकडे व्यायामात आकडा नवा नाही. तालमीत जोर-बैठका मोजूनच काढतात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले आणि त्यांवर पुस्तके लिहिली. नमस्कारही मोजूनच घालतात. मग त्या आकड्यात आणि पडद्यावरच्या आकड्यात फरक काय?

एक नमस्कार पुरा करायचा तर हात, पाठ, कंबर आणि पाय या सगळ्यांना त्यातून जावे लागते. त्या 'एक' मध्ये सगळे अंग येते. ठोशाच्या 'एक' मध्ये मनगट आले तरी पुरते. शिवाय तालमीत वस्ताद असतो. तो आकडा मोजत नाही, तो तुमची टाच उचलली का, पाठ वाकली का, हे पाहतो. खेळाने मोजणाऱ्याची जागा घेतली आहे, वस्तादाची जागा रिकामीच आहे. माझ्या घरात ती जागा काही काळ माझ्या मुलीने भरली.

८. मग खेळायचे कसे

खेळ टाकून देऊ नका. गुण खेळाकडे राहू द्या, व्यायामाची मोजपट्टी आपल्या हाती घ्या.

पहिले, पाय. एक पाय पुढे, मागची टाच किंचित उचललेली आणि प्रत्येक सरळ ठोशाला मागचा पाय व कंबर वळलीच पाहिजे. गाणे संपले की विश्रांतीत दहा बैठका काढा. वर केलेल्या हिशेबाने त्या सत्तर ठोशांच्या बरोबरीच्या आहेत.

दुसरे, कोपर. पिशवीवर मारलेला ठोसा पिशवी थांबवते. हवेत मारलेला ठोसा तुमच्या सांध्याला थांबवावा लागतो. म्हणून हात पूर्ण ताठ होण्याआधीच परत घ्या. जोर दाखवण्याच्या नादात कोपर दुखावते.

तिसरे, फेऱ्या. हौशी बॉक्सिंगच्या लढतीत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये एक मिनिट विश्रांती असते. खेळातला व्यायामही तीन मिनिटे पूर्ण जोराने, एक मिनिट हळू, असा वाटून घ्या.

चौथे, बोलून पाहा. व्यायाम करताना बोलता येते पण गाता येत नाही, ही मध्यम तीव्रतेची खूण. गाता येत असेल तर तुम्ही हातच हलवत आहात.

पाचवे, खेळाबाहेरची परीक्षा. आठवड्यातून एकदा ठरलेले मजले चढा, लागलेला वेळ आणि चढून झाल्यावरची नाडी वहीत लिहा. पडद्यावरचा कॅलरीचा आकडा अंदाज असतो. नियंत्रक तुमचा श्वास मोजत नाही. नाडी तुम्ही स्वतः मोजता. आजार असेल, छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मी असे साडेतीन महिने केले. आता नववा मजला न थांबता चढतो. वेग फार नाही आणि साखरेची पुढची तपासणी व्हायची आहे. खेळातले माझे गुण मात्र कमी झाले आहेत. कंबर वळवून ठोसा मारला की ठेका कधी कधी अर्ध्या क्षणाने हुकतो.

९. समारोप

शेवटच्या वाक्यावर थोडे थांबा. मी नीट व्यायाम करू लागलो आणि गुण घटले. हे ओळखीचे वाटते ना? मी तुमच्यासारख्यांच्या प्रश्नपत्रिका काढतो. तीन तासांत, कागदावर, ठरलेल्या चौकटीत जे मोजता येते त्यालाच मी गुण देतो. सुट्टीत कोणी जुना पंप उघडून पाहिला, कोणी तीनदा चुकून चौथ्यांदा मंडल चालवले, हे माझ्या संवेदकाला दिसत नाही. म्हणून विद्यार्थी मनगटाचे झटके द्यायला शिकतात. त्यांना मी आळशी म्हणत असे. सोफ्यावर बसून पूर्ण गुण घेतल्यापासून म्हणत नाही. आता दर प्रयोगाच्या वेळी निदान पाच मिनिटे हातातली गुणपत्रिका खाली ठेवतो आणि मुलांचे हात कसे चालतात ते पाहतो.

घरच्या बॉक्सिंग-खेळांविषयी माझे मत असे: व्यायामाची सवय लावणारे म्हणून ते चांगले, प्रशिक्षक म्हणून अर्धे आंधळे. उरलेले अर्धे पाहणे तुमच्याकडे आहे.

स्वाध्याय

१. 'फायफॉक्स' हे मोफत ॲप मोबाइलवर घ्या. मोबाइल पट्ट्याने मनगटाला घट्ट बांधून, गुरुत्व वगळलेले त्वरण दाखवणाऱ्या प्रयोगात (अ) पाय-कंबर वळवून मारलेले दहा ठोसे आणि (आ) बसून दिलेले दहा झटके नोंदवा. दोन्ही आलेख न सांगता मित्राला दाखवा. त्याला फरक ओळखता येतो का?

२. विभाग ४ मधले गणित तुमच्या वजनासाठी करा. आम्ही धरलेल्यांपैकी कोणत्या गृहीतकाने उत्तर सर्वांत जास्त बदलते?

३. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून शरीराचे ३३ बिंदू ओळखणारी 'मीडियापाइप' ही खुली प्रणाली वापरून, मागची टाच आणि कंबर वळल्याशिवाय ठोसा मोजायचा नाही असा नियम लिहा. या नियमालाही कसे फसवता येईल?

४. तुमच्या अभ्यासक्रमातली एक परीक्षा निवडा. ती काय मोजते, काय मोजू शकत नाही आणि न मोजलेले पाहायला कोण असते, यावर दोनशे शब्दांत लिहा.